ओठ न हलवता

पुणे,
१८ जानेवारी २०२६

ती. अण्णांस,
कृ. सा. न. वि. वि.

काल फोनवर मी आवाज चढवला आणि तुम्ही फोन ठेवलात. मागून तुमचा निरोप आला, की रागात बोलायचं नाही, लिहायचं, हा आपल्या घरातला नियम विसरलीस का. विसरलेले नाही. आई होती तेव्हा तुमचं बिनसलं की तुम्ही दोघं ओसरीवरून स्वयंपाकघरात चिठ्ठ्या पाठवायचात, आणि पोस्टमनचं काम माझ्याकडे असायचं. म्हणून हे पत्र. लिहिल्यानं राग उतरतो म्हणता, पण माझा काही उतरलेला नाही. दोन कागद फाडून झाले, हा तिसरा.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या मागच्या खोलीत काय घडलं, ते मी तुम्हाला सांगितलंच नाही. घरात आवाज नको म्हणून तुम्ही पूर्णा स्टेशनच्या बाकावर जाऊन बसला होतात. मी बॅग उचलून तिथेच आले, तुमच्यासमोरून पुण्याच्या गाडीत चढले आणि एक शब्द बोलले नाही. त्याबद्दल माफ करा. पण तेव्हा तोंड उघडलं असतं तर भलतंच निघालं असतं.

आता सांगते. इंजिनिअरिंग झाल्यावर मी नेटवर्कची परीक्षा दिली होती, तुम्ही माझ्यासोबत हैदराबादला आला होतात. त्या प्रमाणपत्राला मुदत नव्हती. एकदा पास झालं की जन्मभर पास. गेल्या वर्षी त्या परदेशी संस्थेनं जाहीर केलं, की जुनी सगळी प्रमाणपत्रं रद्द. आता नवीन नाव, नवीन परीक्षा, आणि ती दर वर्षी द्यायची. इतकी वर्षं मी ज्या यंत्रणा उभ्या केल्या त्या चालूच आहेत, फक्त त्या उभ्या करणारी बाई आता अडाणी ठरली. आमच्या कंपनीच्या ज्या गिऱ्हाइकाचं काम मी बघते त्यानं करारातच घातलंय, की मार्चअखेरपर्यंत नवं प्रमाणपत्र नसेल तो माणूस आमच्या कामावर नको. गिऱ्हाइकाच्या कामावरून काढलं की कंपनी आधी नुसतं बसवून ठेवते आणि मग घरी पाठवते. आमच्यातल्या तिघांना असं पाठवून झालंय.

परीक्षा घरी बसून द्यायची, समोर कॅमेरा लावून, आणि पलीकडून त्यांचा माणूस लक्ष ठेवणार. इथे वरच्या फ्लॅटमध्ये फरशा फोडायचं काम चालू आहे, म्हणून मी ती पूर्णेला द्यायची ठरवली. तुम्ही खोली रिकामी करून दिलीत. सुरुवात बरी झाली. थोड्या वेळानं पडद्यावर इंग्रजीत सूचना आली, ओठ हलवू नका. मी ओठ दाबून धरले. पुढचा प्रश्न लांबलचक होता, वाचता वाचता विसरले. पुन्हा सूचना आली. तिसऱ्या वेळी पडदाच बंद झाला. कारण दिलं ते असं, की उमेदवार प्रश्न कुणाला तरी वाचून दाखवत असल्याचा संशय.

आवाज नव्हता, अण्णा. एक अक्षर बाहेर पडत नव्हतं. लहानपणी तुम्ही झोपाळ्यासमोर बसवून जसं शिकवलंत, अगदी तसं मी वाचत होते. जगाच्या कुठल्या टोकाला बसलेला तो माणूस, त्याचं मी तोंडसुद्धा पाहिलं नाही, आणि त्यानं मला चोर ठरवलं. त्याचा राग तर आहेच. पण खरं सांगू का, गाडीत बसल्यापासून जास्त राग तुमचा येतोय. हे ओठ हलवायला तुम्ही लावलेत.

लोभ आहे तसाच ठेवा, माझा राग मात्र मला थोडे दिवस ठेवू द्या.

तुमची,
स्वरदा


पूर्णा,
२४ जानेवारी २०२६

चि. सौ. स्वरदा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, अर्थातच ओठ हलवून. कुणाची हिंमत असेल तर येऊन माझा पडदा बंद करावा.

तू स्टेशनवर माझ्यासमोरून गेलीस तेव्हा मला वाटलं, सारंगरावांची तब्येत बिघडली की काय. गाडी सुटेपर्यंत तुझ्या खिडकीकडे बघत उभा होतो. एवढं तरी सांगून जायचं होतंस. माफ केलं, पण लक्षात ठेवलंय.

आता तुझ्या आरोपाचं. तुला जे शिकवलं त्याला नाव आहे. जप तीन प्रकारचा असतो. वाचिक म्हणजे मोठ्यानं. उपांशु म्हणजे ओठ हलतात पण शेजारच्याला ऐकू जात नाही. मानस म्हणजे मनातल्या मनात. वाचिकापेक्षा उपांशु श्रेष्ठ, हे माझ्या वडिलांनी मला मुंजीनंतर शिकवलं आणि मी तुला शिकवलं, मुलगी असून शिकवलं. तेव्हा भाऊबंदांनी नाकं मुरडली होती. तुझे पाढे, तुझा इतिहास, तुझं ते रसायनशास्त्र सगळं याच ओठांनी पाठ झालं आणि बोर्डाच्या परीक्षेत तू तालुक्यात पहिली आलीस. तेव्हा कुणी संशय घेतला नव्हता. मानस मी करतोच रोज, तुलाही शिकवणार होतो, पण तू दहावी होताच नांदेडला गेलीस. ते राहिलं, तर तो काय माझा गुन्हा?

आणि त्या संस्थेची मिजास तर बघ. परीक्षेच्या खोलीत भिंतीवर अक्षर नको म्हणून मी पंचांग उतरवलं. दत्ताच्या तसबिरीखाली छापखान्याचं नाव होतं म्हणून तीही उतरवली. देव कपाटात घातला या लोकांसाठी, आणि तरी माझी मुलगी चोर. ज्याला ऐकू आलं नाही तो म्हणतो, तू बोललीस. न ऐकलेल्या बोलण्याची शिक्षा मी माझ्या उभ्या हयातीत पहिल्यांदा बघतोय. त्यांच्याकडे दाद मागायची काही सोय असेलच. माग. नीट खडसावून लिही, इंग्रजी तुझं चांगलं आहे.

राग कर, पण जेवण टाकू नकोस. सारंगरावांना आशीर्वाद सांग.

तुझा,
अण्णा


पुणे,
२ फेब्रुवारी २०२६

ती. अण्णांस,
कृ. सा. न. वि. वि.

दाद मागितली. उत्तर आलं. ओठ हलवून वाचणारा माणूस प्रश्न चोरून बाहेर पोचवू शकतो, म्हणून नियम सर्वांना सारखा. परीक्षा पुन्हा देता येईल, पण तिथेही ओठ मिटलेलेच हवेत.

तसा तो सराव मी परीक्षा बंद पडल्यापासून पंधरवडाभर करतेच आहे. सारंगनं सुचवलं, तोंडात पाणी धरून वाच. चार ओळी झाल्या की मी पाणी गिळून टाकते आणि पुन्हा ओठ चालू. ओठांना चिकटपट्टी लावून पाहिली. सारंग आधी हसला, मग त्यालाही हसू येईना, कारण पट्टी लावून वाचलेलं मला काहीच कळत नव्हतं. अक्षरं दिसतात, अर्थ लागत नाही. सोपं वाक्य, रोजच्या कामातलं, आणि मी ठोंब्यासारखी बघत बसते. तेव्हा मला जे वाटलं ते लिहितेच. अण्णा, तुम्ही मला वाचायला शिकवलंच नाही. म्हणायला शिकवलंत.

आता एकच वाट उरली आहे. ज्यांना वाचनाचा काही दोष असतो, त्यांना ही संस्था केंद्रावर वेगळी खोली देते. तिथे मोठ्यानं वाचलं तरी चालतं. त्यासाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. इथल्या डॉक्टरांना भेटले. त्यांनी तपासलं आणि त्या म्हणाल्या, की देते, पण हा दोष लहानपणापासून आहे याचा काहीतरी आधार हवा, पालकाचं किंवा शिक्षकाचं सहीचं निवेदन. माझे पालकही तुम्ही आणि शिक्षकही तुम्हीच. मजकूर मी टाइप करून सोबत पाठवते आहे. तुम्ही फक्त सही करायची आहे. माझी मुलगी स्वरदा हिला बालपणापासून वाचनाचा दोष आहे, एवढंच त्यात आहे.

तुम्हाला काय वाटेल ते कळतंय मला. पण मार्च जवळ आलाय. या वयात नवी नोकरी मला कुणी देणार नाही, तिथेही हेच प्रमाणपत्र विचारतील. लवकर पाठवा.

लोभ असावा, आणि या वेळी सहीसकट असावा.

तुमची,
स्वरदा


पूर्णा,
७ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. स्वरदा हिस,
आशीर्वाद वि. वि.

कागद होता तसाच परत पाठवतो आहे. सही करणार नाही.

माझ्या मुलीत दोष आहे असं मी माझ्या हातानं लिहून देऊ? ज्या जिभेनं तुला अक्षर दिलं तिच्यावर रोग म्हणून शिक्का मारून घेऊ? यजमानाच्या घरी संकल्प सांगताना मी तिथी कधी चुकीची सांगितली नाही, आणि आता सही करून खोटं बोलू? म्हणायला शिकवलं म्हणतेस. बरं, म्हणायला शिकवलं. म्हणताना चुकली नाहीस तू आजवर.

ओठ मिटून वाचायला काय मोठी विद्या लागते? मी मानस करतो ना रोज. मन लावून बस, जमेल. इतर काही लिहिण्याजोगं नाही.

आशीर्वाद आहेतच.

अण्णा


परभणी,
२१ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. स्वरदास,
लीलाआत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि. कारण की,

तुम्हा बापलेकीच्या भांडणात मला टपाल लिहायची वेळ आली. फोन करणार होते, पण दादानं शपथ घातली की स्वरदाला फोनवर सांगायचं नाही. लिहायचं नाही असं तो म्हणाला नाही. म्हणून लिहिते.

गेल्या सोमवारी सकाळच्या पॅसेंजरनं तुझे अण्णा इथे येऊन धडकले. तोंड एवढं फुगलेलं की मी चहा विचारायलाही भ्याले. म्हणाले, वाचनाचा डॉक्टर कुठला असतो तो दाखव. मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. मग सगळं बाहेर आलं. तुझा कागद परत पाठवल्यापासून माणूस रोज संध्याकाळी दार लावून ओठ मिटून वाचायला बसत होता. तुला दाखवून द्यायचं होतं की हे जमतं. त्याला जमलं नाही.

माझी एक विद्यार्थिनी, राजेश्री, इथे लहान मुलांच्या लिहिण्यावाचण्याच्या अडचणी बघते. तिच्या दवाखान्यात गेलो. बाहेरच्या बाकड्यावर सगळी आठदहा वर्षांची पोरं आणि मध्ये आपला भाऊ, धोतर, उपरणं, कपाळाला गंध. नेमक्या तिथे पेडगावच्या मालनबाई नातवाला घेऊन आलेल्या. त्यांच्याकडे दादा गेली वीस वर्षं पूजा सांगतो. त्या म्हणाल्या, गुरुजी, तुमी हितं कसं काय, कोनाला दाखवायलेत? मी काहीतरी थाप मारणार होते, तोवर दादा सरळ म्हणाला, मलाच. मला वाचता येत नाही.

राजेश्रीनं त्याच्या हातात वर्तमानपत्र दिलं, बोट ओठांवर धरायला सांगितलं आणि पालमच्या एसटी स्टँडची एक बातमी वाचायला लावली. वाचून झाली. काय लिहिलंय म्हणून विचारलं तर म्हणाला, पालम. पुढे काही नाही. परत वाचली. परत तेच. मी दादाला चिडलेला जन्मभर बघत आलेय, गांगरलेला त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. मी हळूच विचारलं, अरे, मग तुझं ते मानस? तर म्हणाला, ते पाठ असलेलं म्हणतो गं मी, नवं कुठे वाचतो.

राजेश्री पोरगी गोड आहे. तिनं समजावलं, की काका, हा आजार नाही, लहानपणापासूनची सवय आहे. तिथे त्याचा स्फोट झाला. म्हणाला, "सवय लिहिली तर माझ्या मुलीला परीक्षेला बसू देतील का? नाही ना? मग दोष लिहा. तिचा नका लिहू, माझा लिहा. आणि हे तिला माझ्याकडून आलं, तेही लिहा."

तिनं जे डोळ्यांनी बघितलं तेवढंच लिहून दिलंय, खोटं एक अक्षर नाही. ओठ हलवल्याशिवाय यांना वाचलेलं समजत नाही, मुलीला यांनीच शिकवलं, घरात दुसरी पद्धत नव्हती. तो कागद सोबत आहे. तुझ्या डॉक्टरला आधार पाहिजे होता ना, हा घे. तुझ्या त्या टाइप केलेल्या कागदावर मात्र त्यानं सही केली नाही ती नाहीच. तुझ्यात दोष आहे हे त्याच्या हातून लिहून होणार नाही, म्हणाला.

एक गोष्ट सांगू की नको असं झालंय, पण सांगते. मालनबाईंच्या मुलाच्या नव्या घराची वास्तुशांत पुढच्या महिन्यात आहे. ती आता बन्सीधर गुरुजींकडे गेली. पोथी वाचता न येणारा गुरुजी नको, असं त्या घरात ठरलं म्हणे. पूर्णेतही बोभाटा झालाच आहे. दादा यातलं तुला काही कळवणार नाही. तू पण मला माहीत आहे असं दाखवू नकोस. दाखवशीलच म्हणा, तू त्याचीच मुलगी.

जावयांना आशीर्वाद. माझ्यावरचा लोभ वाढला नाही तरी चालेल, कमी करू नकोस.

तुझी,
लीलाआत्या


पुणे,
१२ मार्च २०२६

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

पास झाले. काल निकाल लागला.

केंद्रावर काचेच्या खोलीत एकटीला बसवलं होतं. बाहेरून एक मुलगी माझ्यावर लक्ष ठेवून होती. मोठ्यानं वाचायची परवानगी होती, पण माझ्या तोंडून आवाज निघेचना, आपलं ते ओठांतल्या ओठांत चालू झालं आणि मग सगळे प्रश्न सुटत गेले. शेवटी ती मुलगी आत आली आणि म्हणाली, तुम्ही तर बोललाच नाहीत, मग वेगळी खोली कशाला मागितलीत? मला तिच्या अंगावर ओरडावंसं वाटलं. तिचा काय दोष म्हणा. मी आभार मानून बाहेर आले आणि जिन्यात बसून रडले.

आत्यानं सगळं लिहिलंय. ती म्हणाली दाखवू नकोस, मी दाखवते आहे. कुणाला विचारून गेलात तुम्ही परभणीला? माझी नोकरी वाचावी म्हणून स्वतःची भिक्षुकी घालवायला मी सांगितलं होतं का? सही मागितली होती फक्त. ती दिली असती तर दोन घरांपलीकडे कुणाला कळलंही नसतं. ते न करता तुम्ही भर दवाखान्यात उभं राहून सांगितलंत की मला वाचता येत नाही. मालनबाईंच्या घरी जाऊन भांडावंसं वाटतंय मला. वीस वर्षांत एकदा तरी तुमची पूजा अडली का, विचारायचं आहे त्यांना. तुमचाही राग आला आहे आणि तो राग कसला आहे ते मला सांगता येत नाही.

आता त्या संस्थेचं ऐका. नव्या प्रमाणपत्राची मुदत एक वर्ष. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा परीक्षा, पुन्हा वेगळ्या खोलीचा अर्ज. मी त्यांना लिहिलं, की दोष कायमचा आहे असं माझ्या डॉक्टरांनीच लिहिलंय, तर दर वर्षी अर्ज कशाला? उत्तर आलं, कायमचं असं आम्ही काहीच धरत नाही. आणि या वर्षी वडिलांचा तपासणीचा कागद चालवून घेतला, पुढच्या वेळेपासून पालकाचं सहीचं निवेदनच लागेल, ताज्या तारखेचं, दर वर्षी नवं. मी काही तुमच्याकडे मागत नाही आहे. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू. नोकरी एक वर्ष वाचली एवढंच कळवायचं होतं.

पाडव्याला आम्ही दोघं येतोय. भांडण तिथे समोरासमोर करू, नियम मोडून. तुमचा लोभ अंगावर आहे, तो असाच राहू द्या.

तुमची,
स्वरदा


पूर्णा,
१६ मार्च २०२६

चि. सौ. स्वरदा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

पास झालीस, आनंद झाला. देवापुढे साखर ठेवली. पेढे वाटले नाहीत, कारण कशात पास झाली हे लोकांना सांगायला गेलं की त्या संस्थेचं नाव तोंडात येतं आणि माझं डोकं फिरतं.

लीलाला मी नंतर बघून घेतो. मालनबाईंशी भांडायला जाऊ नकोस. बन्सीधर चांगला माणूस आहे, पोथी मोठ्यानं वाचतो, त्यांना तसा हवा असेल. माझी यजमानांची तीन घरं कमी झाली, बाकीची आहेत. त्या लोकांचा मला राग नाही. मला राग आहे तो ज्यांना कायमचं काहीच चालत नाही त्यांचा. शिकलेलं कायमचं नाही, पास झालेलं कायमचं नाही, आणि दर वर्षी बापानं नव्यानं लिहून द्यायचं. यांना बाप तरी कायमचा असतो असं वाटतं का? मी एक्काहत्तर पुरे केले. तू पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू म्हणतेस. तुझी नोकरी अजून पुष्कळ वर्षांची आहे.

तुझा तो मजकूर मी नीट उतरवून काढला, टाइप केलेला नको, माझ्या अक्षरात. माझी मुलगी स्वरदा हिला बालपणापासून वाचनाचा दोष आहे. तो शब्द लिहिताना पहिल्या कागदावर हात थांबला. मग थांबला नाही. तुझी सेवानिवृत्ती होईपर्यंत दर वर्षी एक पुरेल इतक्या प्रती काढल्या आहेत आणि प्रत्येकीवर सही केली आहे. लिफाफा जाड झालाय, पोस्टातला माणूस विचारत होता काय आहे म्हणून. पाडव्याची वाट बघितली नाही, आजच टाकतोय. जपून ठेव.

आशीर्वाद आहेत, ते दर वर्षी नव्यानं मागावे लागणार नाहीत.

तुझा,
अण्णा

ता. क. सगळ्या प्रतींवर तारखेची जागा मोकळी सोडली आहे. मी असेपर्यंत मला विचारून घाल. नंतर तुझी तू घालत जा.